सर्वांनी वाचलेली पोथी

नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत आपल्या तोडीचा शोधक दुसरा नाही, असे कसबा पेठेतले श्रीधरपंत स्वतःच सांगत. दुसरे कोणी सांगायला पुढे येत नव्हते, त्याला त्यांचा इलाज नव्हता. ‘जोडा पाहून मी माणसाचं गोत्र सांगतो,’ असे ते म्हणत आणि खरोखरच सांगत. चुकले, तर त्या माणसाला स्वतःचे गोत्र नीट ठाऊक नाही असा निकाल देत. कोतवालाच्या चावडीवर ते कारकून होते, काम नकला करण्याचे. पण शहरातल्या चोऱ्यांचे सगळे कागद आपल्या हाताखालून जातात, म्हणजे चोरही आपल्या मुठीत आहेत, अशी त्यांची पक्की समजूत होती. चोरांना ही गोष्ट अजून कोणी कळवली नव्हती.

मोठ्या शोधकाला मदतनीस लागतो. श्रीधरपंतांचा मदतनीस म्हणजे त्यांची बायको वेणू. दिवा धरायचा, दोरी धरायची, मूलही धरायचे, आणि मधूनमधून ‘खरंच की’ म्हणायचे, एवढे तिचे काम. वेणूचे वडील वाईचे पुराणिक. त्यांनी लेकीला अक्षर शिकवले होते. सासरी तिला वाचता येते हे सगळ्यांना माहीत होते, पण अंगावरच्या डागासारखे कोणी ते बोलून दाखवत नसे.

वेणूचे चित्त मात्र चोरांपाशी नसायचेच. ते असायचे आपल्या लेकाच्या, विसूच्या, हिरड्यांपाशी. विसूचे वर्ष भरत आले तरी तोंडात एकही दात नव्हता. शेजारच्या आळीतली त्याच्याहून लहान पोरे भाकरीचे तुकडे मोडत होती आणि हा तोंड उघडून नुसता हसायचा, एखाद्या निवृत्त आजोबांसारखा. तो झोपला की ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाही. जागा असला की तेच बोट हिरडीवरून फिरवी.

त्यात सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, निकाल लावून टाकला. “शनिवारी वारज्याचा गेनबा वैदू येतोय. हिरडी जरा उघडून देईल. दाताला वाट नको का?”

त्या गेनबाला वेणूने मागच्या महिन्यात गवळ्याच्या दारात म्हशीचा खूर तासताना पाहिले होते. सुरी तीच असणार. पण सासूबाईंपुढे सुनेचे म्हणणे म्हणजे वारा. त्यांना मान्य एकच गोष्ट होती, ती म्हणजे पोथीत लिहिलेली.

आणि पोथी होती! तीही घरात होती.

त्याचे असे, की कसब्यात दिगंबरपंतांनी एक पोथीमंडळ चालवले होते. दर एकादशीला चारपाच जण उपाशीपोटी जमत. काव्य, पुराण, कथा तिथे वर्ज्य. जे खरे आणि उपयोगाचे तेवढेच वाचायचे: झाडे, रत्ने, औषधे, पाटबंधारे. ज्याने पोथी वाचली त्याने पुढच्या एकादशीला उठून तिची शिफारस करायची आणि रुमालात बांधलेली ती पुढच्याच्या हवाली करायची. यंदा दिगंबरपंतांनी बालसंगोपनाची एक पोथी काढली होती. ती गोपाळ वैद्यांकडे गेली, तिथून पागेत उभा जन्म घालवलेल्या आप्पासाहेबांकडे, आणि त्यांच्याकडून परवा श्रीधरपंतांकडे. ज्याच्याकडे गेली त्याने आधीच्यापेक्षा जास्त स्तुती केली. वैद्य म्हणाले होते, “असा ग्रंथ होणे नाही.” आप्पासाहेब म्हणाले होते, “डोळ्यांत पाणी आलं.”

बुधवारी जेवताना श्रीधरपंतही म्हणाले, “काल रात्री एका बैठकीत संपवली. काय अधिकार आहे लिहिणाऱ्याचा!”

“दातांचं काही आहे का त्यात?” वेणूने वाढता वाढता विचारले.

“दातांचं? अगं, दातांवर आख्खं प्रकरण आहे!”

पंत चावडीवर गेल्यावर तिने फडताळातून लाल रुमालातले ते लांबट जड गाठोडे काढले. गाठ सोडली. आत एक फळी होती. तिच्यावर उभ्या उभ्या खाचा होत्या, आणि एका कोपऱ्यात वाळलेली कणीक.

संध्याकाळी तिने ती नवऱ्यापुढे ठेवली. “पोथी नाही हो यात. शेवयांचा पाट आहे.”

श्रीधरपंतांच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेले, ते वेणूने पाहिले. पाहण्यात ती कधी चुकत नसे. पण शोधक सावरला.

“चोरी!” ते गरजले. “मी काल रात्री वाचून बांधून ठेवली. म्हणजे चोर काल रात्रीनंतर आज दुपारच्या आत या घरात येऊन गेला. पोथी नेली आणि वजन भरावं म्हणून हे ठेवलं!”

“घरात मी होते, सासूबाई होत्या.”

“तेच तर. चोर घरातल्या माणसांना न दिसणारा आहे. साधासुधा नव्हे.”

मग तपास सुरू झाला. पंतांनी अंगणात तांदळाचे पीठ पसरले, म्हणजे चोर परत आला तर पाऊल उमटेल. सकाळी एक स्वच्छ पाऊल उमटलेले होते. पंतांनी ते दोरीने मोजले, मग दोरी स्वतःच्या पायाला लावून पाहिली आणि गंभीर झाले.

“चोर तंतोतंत माझ्या मापाचा आहे.”

“पहाटे आपणच परसाकडे गेला होता ना?”

“मी गेलो होतो. पण तोही गेला नसेल कशावरून?”

मुक्ताबाई माजघरातून म्हणाल्या, “पीठ कोणाचं वापरलंस रे? उद्याची घावनं आता तुझ्या पावलांचीच करू का?”

दुपारी पाटाची पाळी आली. पंतांनी त्याच्या खाचांवर बोट फिरवले आणि डोळे मिटले. “ही लिपी आहे. आडव्या ओळी नसलेली. निजामाकडचे हेर असंच लिहितात. या खाचांत पुण्याच्या सगळ्या वेशींची मोजमापं आहेत.”

“त्या खाचांत शेवया पडतात,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“आई, हेरांना तेच वाटायला हवं असतं.”

“काय वाटायला हवं असतं?”

“शेवया.”

मुक्ताबाईंनी सुनेकडे पाहिले. या बाबतीत मात्र दोघींचे एकमत होते.

वेणूला हसू येत नव्हते. शुक्रवार उजाडला होता, शनिवारी गेनबा येणार होता. पोथी कोणी नेली याच्याशी तिला देणेघेणे नव्हते, तिला दातांचे प्रकरण हवे होते. पंत मंडळातल्या लोकांची उलटतपासणी घ्यायला निघाले, तेव्हा तिने एवढेच म्हटले, “चोरीचं विचाराल तेव्हा हेही विचारून या, त्या पोथीत उशिरा दात येण्यावर काय लिहिलंय. सगळ्यांनी वाचलीय, कुणाला तरी आठवत असेल.”

“आपणास काही आठवतं का?” असे तिने नवऱ्याला विचारले नाही. तेवढी ती शहाणी होती.

पंत वेषांतर करून गेले. जटा, भस्म, झोळी आणि दोऱ्याने कानांना अडकवलेली दाढी. दिगंबरपंतांच्या दारात “अलख!” अशी आरोळी ठोकताच त्यांची बायको मथुराबाई बाहेर आल्या.

“या श्रीधरपंत. दाढी जरा डावीकडे सरकलीय. ताक घेणार?”

पंतांनी ताक घेतले. दाढीनेही थोडे घेतले.

तिन्हीसांजेला ते परतले तेव्हा वेणू विसूला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली होती.

“काय म्हणाले?”

“कुणाचाही गुन्ह्याशी संबंध नाही. सगळ्यांनी पोथी अथपासून इतिपर्यंत वाचलेली आहे.”

“आणि दातांचं?”

“गोपाळ वैद्य म्हणाले, ‘मी रुग्णांना जे सांगतो नेमकं तेच लिहिलंय.’ ते काय सांगतात हे विचारलं, तर म्हणाले, ‘पोथीत आहे ते.’ आप्पासाहेब म्हणाले, ‘अहाहा! ते पान विसरणं शक्य नाही.’ काय आहे त्या पानात, विचारलं, तर त्यांना गहिवरून आलं. आणि दिगंबरपंत म्हणाले, ‘काही गोष्टी दुसऱ्याने सांगायच्या नसतात, ज्याच्या त्याने वाचायच्या असतात.’ केवढी अभिरुची!”

“सगळ्यांना आवडलंय मग.”

“सगळ्यांना!”

“फक्त काय ते कुणाला ठाऊक नाही.”

श्रीधरपंत दाढी सोडवण्यात फारच गुंग झाले.

वेणूने विसूला सासूबाईंच्या मांडीवर दिले, पाट पदराखाली घेतला आणि ‘देवळात जाऊन येते’ म्हणून निघाली. सगळ्यांनी वाचली म्हणजे कोणीच वाचली नाही. गाठ तिच्याआधी कोणी सोडलीच नसणार. आणि कोणी सोडली नसेल, तर पाट ज्या घरातून निघाला, पोथी अजून त्याच घरात आहे. देवळाची वाट दिगंबरपंतांच्या घरावरूनच जात होती.

मथुराबाई परसात भांडी घासत होत्या. वेणूने पाट पुढे केला.

“अगं बाई! कुठं मिळाला गं? चैत्रात शेवया करायच्या होत्या, सगळं घर उलटंपालटं केलं मी!”

“लाल रुमालात होता का हा?”

“माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा तो. दोन केले होते सारखे. एक याला, एक त्यांच्या त्या पोथीला.” बोलता बोलता मथुराबाईंचा राखेने भरलेला हात तोंडाशी गेला. “मीच काढून दिलं की गं त्यांना! ‘ती पोथी दे,’ म्हणाले, मी फडताळातून दिली. मला वाटलं, उघडून बघतील.”

“बघितली नाही?”

“त्यांनी?” मथुराबाई हसून हसून पाण्यात बसल्या. “यांच्या मामांनी साताऱ्याहून आणून दिली, तेव्हापासून तिची गाठ सुटलेली नाही. ती गाठ मी मारलेली, मला ओळखू येते.”

“मग बालसंगोपनाची आहे हे कशावरून म्हणाले?”

“त्या एकादशीला आमच्या ताईच्या लेकाचं बारसं होतं. ‘कशावर आहे पोथी?’ विचारल्यावर तोंडात तेच आलं असेल.”

दुसरा लाल रुमाल फडताळात जागच्या जागी होता. वेणूने तिथेच गाठ सोडली. पोथी निघाली, खरी, सुंदर अक्षराची. तिने पहिले पान वाचले, दुसरे वाचले आणि भिंतीला टेकली.

पोथी घोड्यांवर होती.

आप्पासाहेबांनी, ज्यांचा उभा जन्म पागेत गेला, त्यांनी ही उघडली असती तर पहिल्या ओळीला ओळखली असती. डोळ्यांत पाणीही कदाचित खरेच आले असते.

वेणूला मात्र खरोखरच रडू यायला लागले. मग तिने डोळे पुसले आणि पाने चाळू लागली. शिंगरांचा, म्हणजे घोड्याच्या पिल्लांचा, भाग बराच मोठा होता. तो वाचता वाचता ती थांबली. तेच पान पुन्हा वाचले.

“मथुराकाकू, आज रात्रीपुरती नेऊ?”

“ने की. यांना कळणार कसं?”

शनिवारी गेनबा वैदू वेळेवर आला आणि पडवीत सुरी दगडावर लावत बसला. वेणूने पोथी आणून मुक्ताबाईंपुढे ठेवली. “सासूबाई, पोथी सापडली. दातांचं प्रकरण आहे. कापायच्या आधी ऐकून घ्यावं.”

“श्रीधर, तू वाच,” मुक्ताबाई म्हणाल्या.

वेणूने पोथीवरचा हात उचलला नाही. पण श्रीधरपंत दोन पावले मागे सरले. “मी? मला पाठच आहे ती, आई. तिलाच वाचू दे, तेवढाच सराव.”

वेणूने पान उजेडाकडे धरले. पानात ‘शिंगरास’ होते. तिने ‘लेकरास’ वाचले.

“‘लेकरास दात विलंबे आले, तरी चिंता न करणे. आपले वेळेस येतात. हिरडीस शस्त्र सर्वथा न लावणे. लाविलिया...’” पुढे ‘लगाम घेत नाही’ असे होते. ती क्षणभर अडली. “‘लाविलिया, लेकरू जन्मभर कोणाचे ऐकत नाही.’”

मुक्ताबाईंनी सावकाश मान वळवून आपल्या मुलाकडे पाहिले.

“तुझी कापली होती रे लहानपणी,” त्या म्हणाल्या. “या गेनबाच्याच बापानं.”

“आई!”

“म्हणूनच!” मुक्ताबाईंच्या आवाजात कित्येक वर्षांचे कोडे सुटल्याचा सुस्कारा होता. “गेनबा, ठेव ती सुरी.”

“ठिवली, आक्का,” गेनबा पटकन म्हणाला. “खरं सांगू का, लेकरं कापाया मला बी भ्या वाटतंय. म्हशीचं बरं हाय. तिची आय बाजूला बसून बघत न्हाई.”

वेणूने पोथी मिटायला घेतली.

“मिटतेस काय? पुढं वाच. लिहिणारा जाणता दिसतोय.”

सुटकेच्या भरात वेणूने जे दिसले ते वाचून टाकले. “‘नित्य प्रातःकाळी मोकळ्या मैदानी दौडीस नेणे.’”

“दौडीस? तो तर रांगतोय अजून.”

वेणूने पानाकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. नवरा छताकडे पाहत होता. तीन दिवसांचे पीठ, दोरी, दाढी, हेर, आणि ‘दातांवर आख्खं प्रकरण आहे’ हे सगळे तिला एकदम आठवले.

“‘पित्याचे खांद्यावरून,’” तिने ठाम आवाजात वाचले.

तेव्हापासून रोज पहाटे मुठेच्या काठाने श्रीधरपंत पळू लागले. खांद्यावर विसू, त्यांचे केस दोन्ही मुठींत धरून खिदळणारा. लोक विचारत. पंत धापा टाकत सांगत, “पोथीत आहे.” पुढच्या एकादशीला मंडळात विषय निघाला, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले की दौडीचाच भाग त्यांना सर्वांत आवडला होता. गोपाळ वैद्यांनी तर दोन बापांना पळायला लावले.

वेणूची काळजी काही पळाली नाही. ती अजून झोपलेल्या विसूच्या नाकापुढे बोट धरीच, हिरडीवरूनही फिरवी. एके दिवशी पहाटे ती तुळशीला पाणी घालत होती, तेवढ्यात नदीच्या बाजूने किंकाळी ऐकू आली. मागोमाग श्रीधरपंतच धावत अंगणात शिरले. विसू खांद्यावर होता आणि तोंडात बापाचा उजवा कान.

“सोडव! सोडव याला! रक्त आलंय बघ!”

वेणूने विसूला ओढून घेतले, बोट तोंडात घातले आणि तिथेच मातीत बसली. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढे काहीतरी टोचत होते.

मुक्ताबाई धावत आल्या, शेजारच्या आल्या. प्रत्येकीने बोट घालून पाहिले. मग श्रीधरपंतांनी कानाला पंचा लावला, छाती पुढे काढली आणि जमलेल्यांना सांगितले, “शोध मी लावला.”

त्यांच्या सबंध आयुष्यात हे पहिल्यांदाच खरे होते.