भट्टीत राहिलेली बशी

ताईने भट्टीच्या काचेतून आत पाहिलं. आत दोन बश्या होत्या. एकीतली पूड पांढरीशुभ्र, दुसरीतली काळी ठिक्कर. आणि ती दुसरी बशी तिथे असायलाच नको होती.

ताई ही प्रयोगशाळेतली पीएच.डी.ची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. तिच्या मागून आलेली पोरं डॉक्टर झाली, नोकरीला लागली, एकदोघांना टक्कलही पडलं. ही आपली तिथेच. म्हणून सगळे तिला ताई म्हणत, वयाने वडील असलेले शिपाईकाकासुद्धा. तिचा विषय सांगायला सोपा होता. सेल्युलोज म्हणजे शेवटी साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. कापसात त्या बऱ्याचशा शिस्तीत, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. तोच कापूस बॉल मिलमध्ये दिवसचे दिवस दळला की ती शिस्त मोडते. मग दोन्ही नमुने हवा न लागू देता तापवायचे. घट्ट साखळ्या बराच वेळ दाद देत नाहीत, ढिल्या लवकर हात टेकतात. एवढं आलेखात दाखवलं की प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सरांची सही, आणि सही झाली की ताईची सुटका.

आज फक्त घट्ट नमुना तापवायचा होता, तोही त्याला जेमतेम सोसेल इतक्याच आचेवर. पण भट्टी भरताना आईचा फोन आला. मावशीची नातसुद्धा शिकून कामाला लागली, असं आईने सहज सांगितलं आणि मग तुझं कधी संपणार, तेही तितक्याच सहज विचारलं. फोन कानाला लावून ‘होईल गं, होईल’ करता करता ताईने ढिल्या नमुन्याची बशीही आत सरकवली. सगळा साठा होता त्यात. ढिलं आधी जातं, हे जगाला पटवण्यात तिचं तारुण्य चाललं होतं, आणि नेमकं तेच तिच्या लक्षात राहिलं नाही.

त्यात धूर बाहेर नेणारी रबरी नळी सटकलेली. कॉरिडॉरभर करपलेल्या साखरेचा गोडसर वास पसरला, आणि कॉरिडॉरच्या टोकाला सरांची खोली. सर ओरडायला लागले की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत. ताई टॉवेलने वारा घालत असतानाच काका दारात आले आणि हे गोडाधोडाचं काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं.

“थोडं गोड करतेय काका,” ताई म्हणाली. “सरांसाठी.”

थापा मारायची सवय नसली की माणूस नको ती थाप मारतो. काकांच्या पोटात बातमी राहत नसे. पाचच मिनिटांत ऑफिसातल्या बाई आल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“तुला कुणी सांगितलं गं?”

“काय?”

“सर आज रिटायर होतायत ते. मला अगदी बजावून ठेवलंय त्यांनी. कुणाला सांगायचं नाही, कार्यक्रम नको, काही नको.”

ताई मटकन स्टुलावर बसली. तिच्या हिशेबाने सरांना अजून वर्षभर तरी होतं. म्हणजे एकाच सकाळी नमुना गेला, सर चालले आणि सही तशीच राहिली. तिला रडूच फुटलं. बाईंना वाटलं, केवढी माया ही. त्यांचेही डोळे भरून आले. इतकं मनापासून करतेयस तर आता नीटच करू, असं म्हणत त्या पदार्थ बघायला पुढे झाल्या. तो करपला, एवढं मात्र ताईला खरं सांगता आलं.

मग कँटीनमधून केक आला. खुर्च्या आल्या, खुर्च्यांमागोमाग माणसं आली. ग्रंथालयातले लोक आले. शेजारच्या विभागातले काहीजण कशाबद्दल आहे ते न विचारताच येऊन बसले. आता बोलवायला कुणाला पाठवावं असा विचार चालू होता, तेवढ्यात सर स्वतःच तरातरा आले. टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

मग ते गर्दीतून थेट भट्टीपाशी गेले आणि बराच वेळ काचेतून आत बघत उभे राहिले. ताईने डोळे मिटून घेतले. पण सर वळले आणि त्यांनी केक कापला. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला.

“सगळ्यांना सांगितलं आणि कुणी आलंच नाही तर काय, असं वाटलं,” सर म्हणाले. “म्हणून सांगितलंच नाही.”

एवढं बोलून ते खाली बसले. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे कुणाला माहीत नव्हतं, आणि सगळ्यांनाच वाईट वाटलं.

पांगापांग झाल्यावर ताई समोर जाऊन उभी राहिली.

“वास आला तेव्हाच कळलं, ढिला गेला म्हणून,” सर म्हणाले. “ओरडायलाच निघालो होतो. सगळा टाकलास?”

“सगळा. चुकलं सर.”

“चुकलंच.”

ताईने धीर करून सहीचं विचारलं. रिटायर झाल्यावरही आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सही करता येते, पण ढिल्या नमुन्याच्या आलेखाशिवाय आपण ती करणार नाही, असं सरांनी ऐकवलं. म्हणजे पुन्हा दिवसचे दिवस दळणं आलं. ताईचा चेहरा पडला. सर चष्मा पुसत राहिले. घरी दिवसभर करणार काय, याची बायकोला त्यांच्यापेक्षा जास्त धास्ती आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

“दळायला मी आलो तर चालेल का?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी तिला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरून फोन आला. सर आलेत, पण त्यांचं कार्ड कालच जमा झालंय. आता पाहुणा म्हणूनच आत सोडावं लागेल. ताई धावत खाली गेली. सर मांडीवर डबा घेऊन बाकावर बसले होते. पहारेकऱ्याने पाहुण्याच्या पासाची चिठ्ठी पुढे केली. ताईने पेन काढलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ते सरांपुढे धरलं.

“माझी नाही चालत,” सर म्हणाले. “तुझी सही लागते.”