हिराशेठ वकील करणार का?

आमच्या हिराशेठना पत्ता विचारू नये. बँक कुठे आहे म्हणून कोणी विचारलं, की ते हात लांब करून सांगतात, "सरल जा, चिंचेच्या बांधावरना डाव्या हाताला वल, भोईराच्या खाजनात बँक हाय." आता चिंच नाही, बांध नाही, खाजणाच्या दलदलीवर सात मजली इमारत आहे आणि विचारणारा कुरिअरवाला महिन्यापूर्वी बिहारहून आलेला. तो बिचारा गोंधळून बघत राहतो, आणि शेठ मला म्हणतात, "काय मानसा रं! इतका सोपा सांगितला तरी कलत नाय."

हिराशेठ माझे घरमालक. वाशीचं शहर ज्या शेतांवर उभं राहिलं त्यातलं थोडं त्यांच्या बापाचं. वय पासष्टीचं, गळ्यात जाडजूड चेन आणि पायात रबरी चप्पल. मी मूळचा साताऱ्याचा, बेलापूरला सरकारी कार्यालयात कारकून. पहिलं वर्षभर मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, आता न कळण्याचं नाटक करावं लागतं.

गाडीसुद्धा ते त्याच जुन्या नकाशावर चालवतात. गेल्या महिन्यात वाशीहून पावणे गावाकडे जाताना त्यांनी लांबचा वळसा वाचवला आणि उलट्या बाजूने गाडी घातली. समोरून टँकर आला. टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला, शेठ शांतपणे कडेने निघाले आणि पुढच्या चौकात हवालदाराने त्यांना अडवलं.

"काका, रॉंग साइड आलात!"

"साहेब, मी बराबर हाय. रोड उलटा टाकलाय," शेठ म्हणाले. "मी आदी आलो, रोड मंग आला."

दंडावर भागलं असतं कदाचित. पण टँकर आणि वर हे भाषण. धोकादायक गाडी चालवल्याची केस झाली, कोर्टाची तारीख आली. लायसन काही महिन्यांसाठी जाईल, असं पोलिसांनी बजावलं.

तेव्हापासून शेठना एकच ध्यास. वकील करू का नको? न्हाव्याला विचारून झालं, इस्त्रीवाल्याला विचारून झालं. सोसायटीच्या सेक्रेटरीला तर त्यांनी जिममध्ये गाठलं. समोरचा काहीही बोलो, शेठ "तुजा बराबर हाय" म्हणत आणि पुढच्या माणसाकडे जात. माझा नंबर रोज लागे. माझं ऑफिस कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर, एवढीच माझी कायदेशीर पात्रता. पण शेठना ती पुरेशी वाटे.

"लायसन गेला त मी मेलो," ते म्हणायचे.

"शेठ, आठवड्यातून दोनदा तर गाडी काढता. तरी एवढं वाटतं तर वकील करा की!"

"वकील घरान शिरला का भाव घराभायेर जातो," ते म्हणत.

ही म्हण त्यांनी स्वतःच्या जिवावर कमावली होती. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरून त्यांचं आणि थोरल्या भावाचं, जोमादादूसचं, भांडण झालं. शेठच्या वकिलाने भर कोर्टात दादूसला खोटारडा म्हटलं. प्लॉट शेठना मिळाला. दादूस पावण्याला राहायला गेला आणि अकरा वर्षं शेठशी एक शब्द बोलला नाही. वकिलाची पायरी पुन्हा चढणार नाही, अशी शेठनी देवीसमोर शपथ घेतली होती.

शेवटी मीच त्यांना बेलापूरला एका वकिलीणबाईंकडे नेलं. ऑफिस पहिल्या मजल्यावर. शेठ जिन्याखाली उभे राहिले. "पायरी चढनार नाय बोल्लोय. तू जा वर, मी फोनवर हाय." म्हणजे बाई वर, मी मध्ये आणि अशील पार्किंगमध्ये. शेठ फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होते, की फोनची गरजच नव्हती.

"काही इमर्जन्सी होती का?" बाईंनी विचारलं.

"काय नाय. मी एकलाच होतो."

बाईंनी केसच्या कागदांतला कॅमेऱ्याचा फोटो माझ्यापुढे सरकवला. "मग मागच्या सीटवर हे आजोबा कोण?"

अंगावर शाल, डोकं काचेला टेकलेलं. खालून शेठनी फोन कट केला.

"पेशंट असतील तर तसं कोर्टाला सांगता येईल," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं."

परतताना गाडी शेठच चालवत होते. नेरूळला रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "जोमादादूस. वाशीला डायलिसिसला नेतो त्याला. मंगलवारी न शुक्रवारी."

"बोलतात तुमच्याशी?"

"नाय. मागं बसतो, उतरतो, जातो. त्या दिवशी लय थंडी भरलेली त्याला, म्हनून उलटा घातला." गिअर बदलत म्हणाले, "लायसन गेला त त्याचा पोर टॅक्सी लावील. मंग मी कनच्या तोंडाने जाऊ त्याच्या दारान?"

मला स्वतःचीच लाज वाटली. महिनाभर मी या माणसाची चेष्टा करत होतो.

"मग त्यांनाच सांगा ना, कोर्टात या म्हणून."

"खोटारडा बोललोय त्याला कोर्टान. आता त्याच कोर्टान माझ्या खऱ्याची साक्ष दे म्हनू?"



पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी शेठ माझ्या दारात उभे. आत या म्हटलं तर येईनात. कोर्टाचा कागद मागच्या सीटवर राहिला होता, तो दादूसने वाटेत वाचला होता. हॉस्पिटलच्या दारात उतरताना त्याने काचेवर टकटक केली.

"काय म्हणाले?"

"बोल्ला, 'हिऱ्या, वकील कर. मी येतो सांगाला.'"

"वा! म्हणजे लायसन वाचेल, शेठ!"

शेठ माझ्याकडे बघत होते, पण त्यांनी ते ऐकलंही नसावं. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"हिऱ्या बोल्ला रं," ते म्हणाले. "आये गेल्यापासना मना कोन हिऱ्या बोलत नाय."