गुरुप्रसाद खलास

कॉम्प्युटर मॅनेजर महमूद साहेबांच्या केबिनमध्ये होता, कारण आखातातल्या मनामा शहरातल्या त्या ऑफिसात सगळ्यात गार हवा तिथेच होती. साल त्र्याऐंशी. तेव्हा कॉम्प्युटरसमोर माणसे आवाज खाली घेऊन बोलत. टायपिस्ट लीना मात्र जेवणाच्या सुट्टीत पुस्तक मांडीवर घेऊन छोटे छोटे प्रोग्राम लिहीत शिकत असे. त्या दिवशीचा धडा सोपा होता. मशीनने नाव विचारायचे, टाइप केलेले नाव परत दाखवायचे आणि पुढे 'ओके' लिहायचे. लीनाला ओके कोरडे वाटले. कुठलेही काम उरकले की साहेब 'खलास' म्हणत, तेच तिने घातले. ऑफिसातले सगळ्यात लांब नाव पडद्यावर मावते का पाहिले आणि ती डबा खायला गेली.

तेवढ्यात अकाउंटंट गुरुप्रसाद साहेबांच्या सहीसाठी आत आला. हातात बायकोच्या व्हिसाचा कागद. लग्न झाल्यापासून अरुणा पुण्यातच वाट पाहत होती. साहेब खुर्चीत नव्हते. पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते : गुरुप्रसाद खलास.

तो बाहेर येऊन टेलिफोन ऑपरेटर रीटासमोर बसला.

"माझी नोकरी गेली."

"कोन बोलला?"

"कॉम्प्युटर."

वसईच्या रीटाने कानावरचा हेडफोन उतरवला. "मंग माजं काय?"

दोघे आत गेले. त्या ओळीखाली मशीन पुन्हा नाव विचारत होते. रीटाने एका बोटाने आपले टाइप केले. रीटा खलास.

"सगल्यांचे फोन मी जोडते," ती खुर्चीत बसत म्हणाली, "आनि माजंच मला कललं नाय."

"थांब. साहेबांचं टाक," गुरुप्रसाद म्हणाला.

"येडा झाला काय?"

"टाक तू."

महमूद खलास, असे उमटले आणि त्याच क्षणी साहेब दारात उभे राहिले. त्यांनी वाचले. कुणालाही काही न विचारता त्यांनी मालकांना फोन लावला, अरबीत दोन वाक्ये बोलले, बराच वेळ ऐकले आणि फोन ठेवला.

"मालिक पूछता है, मेरे को किसने बताया," ते हळूच म्हणाले. "वो शनिवार को बोलने वाला था."

लीना हात पुसत आली. सगळे ऐकून ती धावत मशीनपाशी गेली. "सर, ये तो मेरा प्रॅक्टिस का है. कोई भी नाम डालो, ये खलास ही बोलेगा." तिने 'कुर्सी' टाइप केले. कुर्सी खलास.

गुरुप्रसाद आणि रीटाने श्वास सोडला. साहेबांनी नाही.

गुरुप्रसादने व्हिसाचा कागद अलगद पुढे सरकवला. "सर, आज तो आप ही मॅनेजर हैं."

साहेबांनी न वाचता सही केली. मग आपली खुर्ची ओढून लीनाला त्यात बसवले आणि स्वतः अदबीने बाजूला उभे राहिले.

"अब पूछो," ते म्हणाले, "मेरी जगह कौन आता है."