कानातला फाया

आमच्या आणि नानांच्या घरात भिंत एकच. रोज दुपारी चहाच्या वेळेला ती भिंत हलायला लागते. माझ्या शिलाई मशीनवरची तेलाची कुपी आपोआप चालत कडेला येते, रिळं टेबलावरून खाली उड्या घेतात. एकदा ब्लाउजचं माप द्यायला निंबोल्याहून आलेली एक बाई, अंगाला टेप गुंडाळलेली, तशीच रस्त्यावर पळाली. मी आतून ओरडले, "अहो परत या, भूकंप नाही, नाना आहेत!"

नाना म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरच्या राजपुरा मोहल्ल्यातले एकमेव रॉकवाले. वय सत्तरीच्या पुढचं, पांढरा लेंगा, आणि वर काळा टी-शर्ट. त्यावर दात विचकणारी कवटी. हा टी-शर्ट धुऊन दोरीवर वाळत पडला की समोरच्या मावशी खिडकी लावून घेतात. अमावास्येला तर त्या गल्लीतनं जातच नाहीत. नाना मात्र त्याच अवतारात भाजी आणतात, देवळात जातात आणि पुजाऱ्याकडून कवटीच्या वर गंध लावून घेतात.

जन्म गेला कागदाच्या मिलमध्ये. मूळचे जळगावकडचे, नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. रिटायर होऊन घरी बसले आणि वर्ष-दोन वर्षांत हे खूळ शिरलं. मी निष्कर्ष काढून ठेवला होता, की मशीनचा धडधडाट सुटला म्हणून माणसाला करमेना, म्हणून मशीन घरी आणलं. हा निष्कर्ष मी गिऱ्हाइकांनाही फुकट वाटायची.

त्यांना गाण्यातलं काय कळायचं ते त्यांनाच ठाऊक. कुठल्या बँडचं नाव येत नाही. मोबाइलच्या दुकानात जाऊन सांगायचे, "जड माल दाखव." मग घरी येऊन परीक्षा. स्पीकर तोंड खाली करून फरशीवर पालथा, शेजारी स्टीलच्या पेल्यात पाणी. पाणी थरथरलं तर गाणं पास. नुसतं गाणाऱ्याच्या गळ्यावर चालणारं असलं, पाणी ढिम्म राहिलं, की गाणं बाद. "हा रडून राहिला नुसता," म्हणायचे. "मंदा, गाणं पोटात उतरलं पाहिजे. कान बेईमान असतात, पोट नाही."

"नाना, तुमच्या पोटापायी माझ्या सुया तुटून राहिल्या," मी म्हणायची.

"सुई बदल. जाड घे."

घ्या! बोलायचं कुणाशी?

एक शौक मात्र त्यांचा आमच्या गावाला शोभणारा. अत्तराचा. चौकातल्या अत्तरवाल्याकडून हिना आणायचे आणि कानात त्याचा कापसाचा फाया. आता इतर लोक कानाच्या घडीत इवलासा फाया ठेवतात. नानांचा फाया रजईतून ओढून काढल्यासारखा, तोही दोन्ही कानांत, ठेचून. शौकीन माणूस, आम्ही म्हणायचो. हात सैल आहे.

आणि घरात त्यांची बायको, आमच्या काकू. काकूंना ऐकू येत नाही. एका तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी हात टेकले, कानाचं मशीन लावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. काकू म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या ढोलकीवाल्या. काय हात होता त्या बाईचा! गल्लीतलं एक लग्न त्यांच्या ढोलकीवाचून उभं राहिलं नाही. कान गेल्यावर एकदा हट्टानं मंडळात येऊन बसल्या. बायका एकीकडे, ढोलकी भलतीकडे. शेवटी एकीनं हसत हसत त्यांच्या मांडीवरची ढोलकी काढून घेतली. काकू उठल्या, घरी गेल्या, आणि पुन्हा हळदी-कुंकवालासुद्धा बाहेर पडल्या नाहीत. ढोलकी जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर गेली.

त्यामुळे नानांचा धडधडाट सुरू झाला की गल्ली म्हणायची, "काकू सुटल्या बाई. देवानं कान आधीच नेले."

गेल्या हिवाळ्यात नाना माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. नाशिकच्या बाहेर माळरानावर शनिवार-रविवार मोठा रॉकचा जलसा होता. मोबाइलवाल्यानं त्यांना पास काढून दिले होते.

"मंदा, तू सोबत चल. काकूला एक बाईमाणूस पाहिजे."

"काकूंना? नाना, काकूंना ऐकू कुठं येतं?"

"म्हणून तर पुढची जागा पाहिजे. एकदम स्पीकरच्या पोटाशी. तेवढी जागा मिळाली की बस्स, मला दुसरं काही नको."

मी कपाळावर हात मारला. गल्लीत तर त्या दिवशी म्हणींचा बाजार भरला. कुणी म्हणालं आंधळ्यापुढे आरसा, कुणी म्हणालं बहिऱ्यापुढे गाणं. समोरच्या मावशी तर म्हणाल्या, याच्या शौकापायी त्या गरीब बाईची फरफट. मलाही तसंच वाटलं, म्हणूनच मी गेले. कुणीतरी काकूंना सांभाळायला नको?

निघताना नानांच्या एका खांद्यावर सतरंजी, दुसऱ्या हातात दराब्याचा मोठा डबा. दराबा म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरची शान. रवा, तूप, साखर फेटून फेटून अशी हलकी करतात की जिभेवर ठेवली की गायब. "परगावी रिकाम्या हातानं जायचं नसतं," नाना म्हणाले. रॉकवाल्यांकडेसुद्धा!

फाटकावर आमच्या मनगटांना रंगीत पट्ट्या बांधल्या. काकूंची पट्टी हिरव्या बांगड्यांच्या शेजारी. काकू घाबरून मोठ्यानं म्हणाल्या, "मंदे, दवाखान्यात भरती करून राहिले का गं?" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे हे सगळ्या रांगेनं ऐकलं.

आम्ही इतक्या लवकर पोचलो होतो की मैदान मोकळं. नाना तरातरा स्टेजच्या पुढे गेले, मोठ्या स्पीकरसमोर सतरंजी अंथरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. झालं! आमच्याकडचा कायदाच आहे तो. लग्न असो, सप्ताह असो, सतरंजी पडली की जागा ठरली. तिच्यावर पाय द्यायची कुणाची टाप नाही. मग आम्ही निवांत चहाला गेलो, काकूंना हातपाय धुवायला नेलं, कॉलर ताठ.

परत येऊन पाहतो तो काय! पायच पाय. काळ्या टी-शर्टांची जत्रा, मुंगीला शिरायला जागा नाही.

"अहो, इथं सतरंजी टाकली आहे!" नाना ओरडले.

"कुठं आहे, काका?" एकानं अदबीनं विचारलं.

"तुझ्या पायाखाली!"

त्या बिचाऱ्यानं लगेच एक पाय उचलला. पण तो एकटा उचलून काय होणार? इतक्यात गाणं सुरू झालं, सगळे उड्या मारायला लागले आणि आम्ही धक्के खात पार मागं, वडापावच्या गाड्यांपाशी जाऊन पडलो. माझं डोकं मात्र तिथंही ठणकत होतं.

काकू एका दगडावर बसल्या. जमिनीला हात लावून पाहिला, काढून घेतला. मग कितीतरी वेळ त्या उड्या मारणाऱ्यांकडे बघत राहिल्या. आपल्याला सोडून सगळ्या जगाला काहीतरी कळलंय, असा चेहरा.

"हे लोक कशावर नाचून राहिले हो?" त्यांनी विचारलं.

नानांनी मान खाली घातली. आम्ही लॉजवर परतलो. काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी घरी जाऊ." नानांनी दोन्ही हात जोडले आणि एक बोट वर केलं. एकच दिवस. मला सांगायला हरकत नाही, त्या वेळी मला नानांचा राग आला होता. मनात म्हटलं, म्हातारा शौकापायी आंधळा झालाय.

दुसऱ्या दिवशी सतरंजी होती, पायांच्या ठशांनी भरलेली, पण ती अंथरायच्या भानगडीत नाना पडले नाहीत. दराब्याचा डबा घेऊन ते थेट स्टेजपुढच्या कठड्याशी गेले. आत वायरींच्या गुंत्यात एक लांब केसांचा साउंडवाला बसला होता. नानांनी डबा उघडून पुढे धरला. त्यानं एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले, उघडले आणि दुसरा घेतला.

"अंकल, ये क्या चीज है?"

"दराबा. बुऱ्हाणपूर का. और लो."

"आपको क्या चाहिए?"

"जगह," नाना म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. "भाई, मेरी घरवाली को सुनाई नहीं देता. ढोलक बजाती थी. उसको इस बडे स्पीकर के पास बिठा दो. ज़मीन पर. उसके हाथ को सुनाई देता है."

मी मागं उभी होते. माय वं! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे तो पालथा स्पीकर, तो पाण्याचा पेला, ते 'पोटात उतरलं पाहिजे'... भिंतीपलीकडे इतकी वर्षं हे चाललं होतं, आणि मी मेली सुया मोजत बसले होते.

साउंडवाल्यानं कठडा बाजूला केला. खुर्ची द्यायला लागला, तर नानांनी सतरंजी दाखवली. स्पीकरच्या कडेला, स्टेजच्या लाकडी फळीला टेकून काकूंना बसवलं. दराबा तिथल्या लोकांनी केव्हाच संपवला होता. रिकामा डबा काकूंच्या मांडीवर.

संध्याकाळचा पहिला बँड आला. ड्रमवाल्यानं पहिला ठोका मारला तो माझ्या बरगड्यांत बसला. काकू दचकल्या. फळीवर तळवा टेकवला. डोळे मिटले. थोडा वेळ काहीच नाही. नाना स्टेजकडे पाठ करून उभे, नजर फक्त त्या हातावर. मग डाव्या हाताचं एक बोट डब्यावर पडलं. मग दुसरं. मग डबा पालथा झाला, आणि काकूंचे दोन्ही हात सुटले! अगदी तोच हात, आमच्या लग्नांतला. ठोक्याला ठोका, मध्ये आपल्या पदरच्या दोन-चार मात्रा भरून. कठड्यापलीकडची पोरं वाकून वाकून बघायला लागली.

एका गाण्यात काकूंनी एकदम हात थांबवला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "हा मेला घाई करून राहिला हो!"

नाना हसले. हसता हसता कवटीच्या टी-शर्टनं डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं, लपवू कशाला.

सोमवारी दुपारी परतीच्या गाडीत खिडकीशी काकू बसल्या होत्या. गाडी सुटली तशा नानांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. डबा मांडीवरच.

थोड्या वेळानं नानांनी इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही कानांतले फाये काढले. केवढाले बोळे ते! खिशातून मोबाइल काढला, आवाज अगदी बारीक केला आणि कानाला लावला. मी समोरून वाकून ऐकलं. बाजाची पेटी, आणि एका बाईचा मऊ आवाज. जुनं भावगीत.

"नाना! हा तर रडका माल. पेल्यातलं पाणी हलायचं नाही यानं."

चोर पकडल्यासारखे झाले. "मंदा, खरं सांगू? मला तो धडधडाट सोसत नाही गं. डोकं उठतं. जन्मभर मशीनपाशी कानात कापूस कोंबून नोकरी काढली. वाटलं होतं, रिटायर झालो की दोघं शांतपणे अशी गाणी ऐकू. तिलाही हीच आवडायची."

"आणि ते अत्तर?"

"कापसाला लावतो वरून. नुसता कापूस दिसला तर तिला कळेल ना." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "एकदा वरातीचा डीजे घरासमोरून गेला. हिचा हात खिडकीच्या गजावर होता आणि बोटं हलायला लागली. किती दिवसांनी! तेव्हाच ठरवलं. पण मला आवडत नाही हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी बंद करायला लावेल ती. तू बोलू नको."

"मग ही गाणी घरी का नाही ऐकत? काकूंना थोडंच ऐकू येणार आहे?"

"ऐकली एकदा. ती समोरच बसली होती, गहू निवडत. तिला उपाशी ठेवून आपण जेवल्यासारखं वाटलं."

गाडीला धक्का बसला आणि काकू जाग्या झाल्या. नानांनी मोबाइल खिशात टाकला, बोळे घाईघाईनं कानांत कोंबले. एक तर आत जाईचना.

"काय ऐकून राहिले हो?" काकूंनी विचारलं. गाडीतले सगळे वळून बघायला लागले.

नानांनी हवेत दोन्ही हातांनी ड्रम वाजवून दाखवला. मानही हलवली, डोळे मिटून, अगदी रंगात येऊन. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "म्हातारपणी काय हे खूळ!" म्हणाल्या, आणि नानांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.

आता दुपारी भिंत हलायला लागली की मी कुपी आणि रिळं आधीच खाली उतरवून ठेवते. नीट कान दिला तर धडधडाटाच्या आत ढोलकी ऐकू येते. माळ्यावरून उतरली आहे. पण रोज तेवढं ऐकून माझंही डोकं उठतं, म्हणून मीही कानात फाया घालायला लागले आहे. बायका विचारतात, "मंदाबाई, तुम्हाला कधीपासून हा शौक?"

मी सांगते, हिना आहे.