भालेराव साळिंदराचे पंधरा पॉईंट

मुलांनो, तुमच्यापैकी समुद्र कुणी कुणी पाहिला आहे?

बरं, हात खाली घ्या. आता सांगा, त्याच्याकडे तोंड करून उभे होतात की पाठ करून? गप्प झालात. म्हणजे ही गोष्ट तुम्हाला कळेल.

एका जंगलात, डोंगराच्या उतारावर, साळिंदरांचं एक चौकोनी कुटुंब राहत होतं. वडील भालेराव, आई वेणू, मुलगा दाभण आणि मुलगी सुई. साळिंदराला मिठाची फार ओढ असते. पण जंगलात मीठ कुठलं? हरणाचं गळालेलं शिंग सापडलं तर ते कुरतडायचं. खडकावर कुठे खार फुटला असेल तर तो चाटायचा. त्यासाठी दोन-दोन कोस चालायचं.

वेणूची आई म्हणायची, "वेणे, डोंगराच्या पलीकडे समुद्र आहे. मिठाचं घरच ते. माझ्याच्याने आता जाणं होत नाही. तू गेलीस तर एक घोट घे. आणि एक माझ्या नावाचा घे."

आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती. वेणूचा एक घोटही राहिला होता आणि आईचाही.

तर एके दिवशी भालेराव म्हणाला, "आपण शिंपलनगरीला जाऊ."

शिंपलनगरी म्हणजे समुद्राकाठचं मोठं शहर. वेणूच्या हातातलं कंदमूळ खाली पडलं. नवऱ्याला आपल्या मनातलं न सांगता कळलं, असं तिला वाटलं.

तसं काही नव्हतं. शेजारचे खवलेमामा, म्हणजे खवले मांजर, गेल्या वर्षी शिंपलनगरीला जाऊन आले होते. त्यांनी एका दिवसात चौदा पॉईंट केले होते. वर्षभर ते येता-जाता भालेरावला विचारत होते, "काय भालेराव, निघताय की नाही? की पोरांनी हे जंगलच बघायचं?"

भालेरावने ठरवलं, आपण पंधरा करायचे.

साळिंदर खरं म्हणजे रात्रीचा प्राणी. पण पॉईंट दिवसा उघडे असतात. म्हणून वेणूने रात्रभर जागून दशम्या केल्या, दाण्याची चटणी केली, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. मिठाच्या म्हणायच्या, एवढंच. पहाटे बिरू गव्याची गाडी दारात आली. गाडी तोच ओढायचा आणि भाडंही तोच ठरवायचा.

चार साळिंदरं एका गाडीत बसली की काय होतं, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

"बाबा, दाभण टोचतोय."

"मी नाही, तीच हलतेय."

"दोघांनी काटे मिटून बसा," भालेराव म्हणाला. "आणि वेणू, तू जरा त्या डब्याकडे सरक. माझ्या पाठीला जागा हवी. फोटोत काटे दबलेले दिसता कामा नयेत."

वेणू डब्याला चिकटून बसली. घाट उतरताना वाऱ्याला एक निराळा वास आला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"अहो, समुद्रावर आधी जायचं का?" तिने विचारलं.

भालेरावने यादी काढली. ती खवलेमामांकडून उतरवून आणली होती. त्याने ती वरून खाली वाचली.

"यात समुद्र नाही," तो म्हणाला.

"नाही कसा?"

"अगं, तो काय पॉईंट आहे? प्रत्येक पॉईंटवरून दिसतोच की. आणि समुद्र कुठे पळून जातोय?"

समुद्र पळून जात नव्हता हे खरं. पळत होते ते हे लोक.

पहिला पॉईंट किल्ल्याचा दरवाजा. दुसरा पॉईंट किल्ल्याचा मागचा दरवाजा. किल्ला मधे होता, पण तो यादीत नव्हता. तिसरा पॉईंट तोफ. चौथा दीपगृह. दीपगृह दुरुस्तीसाठी बंद होतं. मग भालेरावने बंद फाटकासमोर फोटो काढला आणि यादीत खूण केली. बंद आहे हे बघून आलो, म्हणजे बघूनच आलो की.

प्रत्येक पॉईंटवर तोच क्रम. गाडीतून उतरायचं. समुद्राकडे पाठ करायची. काटे फुलवायचे. दात दाखवायचे. बिरूने मोबाईल धरायचा. मग "झालं, चला," आणि पुन्हा गाडीत. फोटो तिथल्या तिथे 'साळिंदर परिवार' या ग्रुपवर जायचा. खवलेमामाही त्या ग्रुपवर होते. ते साळिंदर नव्हते, पण त्यांना मुद्दाम घेतलं होतं.

"बाबा, तो कोण होता?" सुईने एका पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"तो सहावा होता," भालेराव म्हणाला.

दुपारी दशम्या चालत्या गाडीत खाल्ल्या. दाभणचा डोळा लागला, तर त्याला हलवून उठवलं. झोपायला काय घर नाही का?

नववा पॉईंट सगळ्यांत मोठा. तिथे समुद्राच्या कठड्याशी लाल रंगाची मोठाली अक्षरं उभी केली होती, 'मी आणि शिंपलनगरी'. त्या अक्षरांपुढे फोटो काढायला रांग होती. अस्वलं होती, तरस होते, दूरच्या माळावरून आलेलं लांडग्यांचं एक मित्रमंडळ होतं. दीड तास सगळी जनावरं उन्हात उभी होती. सगळ्यांच्या मागे समुद्र होता. एकानेही मान वळवली नाही, कारण रांग पुढे सरकत होती.

कठड्याला एक फट होती. तिथे एक खेकडीण शहाळी विकत बसली होती. वेणूने तिला हळूच विचारलं, "मावशी, इथून पाण्यापर्यंत जाता येतं का?"

खेकडिणीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "जाता येता म्हंजे? धा पायऱ्या उतार गो बाय. पाणी थंयच आसा."

"किती वेळ लागतो?"

"माका काय म्हायत? आजवर कोण विचारूकच नाय."

वेणूने मागे पाहिलं. रांगेत अजून सहा जण पुढे होते. ती फटीतून उतरली. एक पायरी, दोन, तीन. पायाखालचा दगड ओला झाला. चार, पाच. लाट येऊन आठव्या पायरीला लागून गेली. सहा. सात. तिने जीभ थोडी बाहेर काढली.

"वेणू! नंबर आला!"

पुढच्या अस्वलांचं लवकर आटोपलं होतं. भालेरावच्या मागे तरसाची बायको कुरकुरत होती, "अहो वहिनी, या ना लवकर. दीड तास उभे आहोत आम्ही. तुम्हाला पाण्यातच खेळायचं होतं तर रांगेत कशाला लागलात?"

सगळी रांग वेणूकडे पाहू लागली. वेणू ओशाळली आणि वर आली.

मुलांनो, एकच पायरी राहिली होती.

फोटो काढताना भालेराव अक्षरांच्या पुढे मधोमध उभा राहिला. त्याने इतके काटे फुलवले की पोरं झाकली गेली. तेवढ्यात मागे मोठी लाट फुटली आणि तुषार त्याच्या पाठीवर उडाले.

"शी, काय हा चिकचिकाट," तो म्हणाला. "बिरू, आला का?"

"आला साहेब. लाट पण आलीय."

"लाट काढून टाकता येईल का?"

संध्याकाळपर्यंत चौदा झाले. चौदावा सूर्यास्ताचा पॉईंट. तिथे ऊन तोंडावर हवं म्हणून भालेरावने सूर्याकडे तोंड केलं आणि मोबाईलकडे पाहिलं. सूर्य कधी गेला ते कळलं नाही.

मग त्याने यादी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. यादी संपली होती. खवलेमामांचे चौदा, त्याचेही चौदा. एवढं गाडीभाडं, एवढ्या दशम्या, आणि बरोबरी.

वेणू त्याच्याजवळ आली.

"अहो, समुद्रच पंधरावा धरा ना. पाच मिनिटं. मी नुसती जीभ लावून येते. आईला शब्द दिला होता."

बिरू म्हणाला, "साहेब, वहिनी म्हणतात ते खरं आहे. रस्त्याच्या कडेलाच आहे. मी थांबवतो."

भालेरावने विचार केला. तो दुष्ट नव्हता. त्याला पंधरावा हवा होता. त्याने समुद्राकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पण पाटी कुठे आहे?" तो म्हणाला.

"समुद्राला पाटी?"

"मग फोटोत कळणार कसं? खवलेमामा म्हणतील, ही तर तळ्याची कड आहे."

गाडी निघाली. शहराच्या वेशीवर एक कमान होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'धन्यवाद, पुन्हा या'. भालेराव ओरडला, "बिरू, थांब." सगळे उतरले. पाठी वळल्या, काटे फुलले. पंधरावा झाला.

घरी जाताना तो वाटभर खुशीत होता. वेणू डब्याला चिकटून बसली होती. डबा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खवलेमामा आले. भालेराव दारात, दगडावर ऐटीत बसला आणि त्याने मोबाईल काढला. काटे अजून ताठ होते. रात्री वाळून ते पांढुरके दिसत होते. वेणू मागून कंदमुळं घेऊन आली. नवऱ्याच्या एका काट्यावर पान चिकटलं होतं, ते तिने दातांनी ओढलं आणि ती थबकली.

"समुद्र जवळून कसा असतो हो?" खवलेमामा विचारत होते. "आमचा राहूनच गेला."

"असतो तसाच," भालेराव म्हणाला. "पाठीमागे."

वेणू कंदमुळं ठेवून त्याच्या मागे बसली. "हलू नका," ती म्हणाली. "आणि सगळे सांगा त्यांना. पहिल्यापासून. सावकाश."

"बघा मामा," भालेराव म्हणाला, "बायकोला किती आवडली सहल."

तो पंधराही पॉईंट सांगत बसला. तेवढ्या वेळात वेणूने त्याच्या पाठीवरचा समुद्र चाटून संपवला. शेवटचा काटा तिने आईच्या नावाने चाटला.

तात्पर्य : समुद्र पाहायला गेलात तर त्याच्याकडे नेहमी पाठच करावी. फोटो चांगला येतो, आणि घरच्यांनाही थोडं मीठ मिळतं.