कबुतरांची दिवाळी

रामनिवास बागेचा इतिहास ऐकायला कुणी सापडलं की मनोहरपंतांना कशाचंच भान राहत नसे. आयटीतल्या नोकरीसाठी नुकताच जयपुरात आलेला मेहुणा पुष्कर म्हणजे तर आयतं गिऱ्हाईक. दोघं निघाले तेव्हा सुधाताईंनी दोन पिशव्या हातात दिल्या.

"निळीत चकलीची भाजणी आहे, येताना चक्कीवरून दळून आणा. मराठी मंडळाचा फराळ उद्यावर आलाय. लाल पिशवीत तुमच्या कबुतरांची बाजरी. घोळ घालू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बागेतल्या अल्बर्ट हॉलसमोर कबुतरं जमली आणि मनोहरपंत सुरू झाले. "पुष्कर, दुष्काळ पडला होता. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराज रामसिंगांनी ही बाग उभारली. किती घरांच्या चुली पेटत्या राहिल्या असतील!" बोलण्याच्या भरात वाक्यागणिक एक मूठ उधळली जात होती.

"दाजी, जिऱ्याचा वास येतोय."

"फुलांचा आहे तो. पुढं ऐक."

पुढचं ऐकून होईतो निळी पिशवी रिकामी झाली. कबुतरं एकमेकांच्या डोक्यावर चढून खात होती.

मनोहरपंतांनी पिशवी उलटी करून झटकली. एकेक डाळ वेगळी भाजून, कंबर मोडेतो खपून केलेली भाजणी! मंडळात सुधाताईंच्या चकलीचा दबदबा होता, आणि घरात सुधाताईंचा.

"ताईला खरं सांगून टाकू या."

"तुला नोकरी करायचीय ना? मग आधी जिवंत राहा."

शेवटी वाटेतल्या दुकानातून धने-जिरे घेऊन ते बाजरीत मिसळले आणि दळून आणलं. सुधाताईंना पीठ काळपट दिसलं, तेव्हा मनोहरपंतांनी सगळा दोष चक्कीवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी मंडळात चकल्यांचा फडशा पडला. "सुधाताई, यंदा काय खुसखुशीत झाल्यात!" सुधाताई हरखून गेल्या. मनोहरपंतांनीही मुकाट्यानं चार खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी उरलेला चुरा घेऊन सुधाताई स्वतः दोघांबरोबर बागेत आल्या. "तुमच्या कबुतरांचीही होऊ दे दिवाळी."

कबुतरं धावत आली. एकानं चोच मारली, मान वाकडी केली आणि पाठ फिरवली. मागोमाग बाकीचीही वळली.

"अहो, खात का नाहीत?"

तेवढ्यात दाणे विकणारी बाई तरातरा आली. "बाबूजी, परसों क्या खिला दिया इनको? तब से मेरा बाजरा सूंघते तक नहीं!"

पुष्करनं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. सुधाताईंनी आधी चुऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"परवा काय घातलंत हो?"

मनोहरपंतांनी घसा खाकरला. "सुधा, दुष्काळ पडला होता..."