बुडून बुडून बुडन किती?

माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले होते. चहा-पोहे झाले, मुलगा सगळ्यांना पसंत पडला. तेवढ्यात, शेजारी म्हणून बोलावलेल्या दिगूभाऊंनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "भाऊ, समजा नाही जमलं, तर बुडन किती?"

पाहुण्यांचे चेहरे पडले. भाचीला मात्र हसू आवरेना. लग्न झालं, संसारही छान चाललाय, पण माझ्या बहिणीने दिगूभाऊंना अजून माफ केलेलं नाही.

दिगूभाऊंचा लकडगंजात मिरचीचा धंदा. फायदा किती होईल, हे ते कधीच विचारत नाहीत. "फायदा देव जाने! बुडून बुडून बुडन किती, तेवढं पाह्याचं." ते बुडणं झेपणार असेल तर जागच्या जागी सौदा, नसेल तर समोर सोन्याची खाण ठेवा, हा माणूस चप्पल घालून चालू लागणार. मी जन्मभर नोकरी केली. साधा कुकर घ्यायचा तर अख्खी सीताबर्डी पालथी घालतो आणि घेतल्यावर पस्तावतो. त्यामुळे दिगूभाऊ मला सरळसरळ वेडेच वाटायचे.

एकदा मला हौसेने भिवापूरला घेऊन गेले. सातऱ्यावर, म्हणजे उघड्या मैदानात, मिरची वाळत पसरलेली, बाया देठ खुडत बसलेल्या आणि वर आभाळ गच्च भरून आलेलं. बाकीच्या व्यापाऱ्यांनी काढता पाय घेतला. दिगूभाऊंनी एक मिरची मोडली, हुंगली आणि सगळा माल घेऊन टाकला.

"अहो, पाऊस आला तर?"

"तर भिजन. थे धरूनच भाव बोललो ना गा!"

पाऊस आलाच. माल भिजला. मी हळहळत उभा, आणि हे गृहस्थ टपरीवर तर्री-पोहे हाणतायत! वर मलाच म्हणाले, "काहून तोंड पाडून राहिले? तुमची थोडीच भिजली?"

त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, ही हकिगत ऐकून कपाळाला हात लावला. "अजी, याड लागलं तुमाले," म्हणाल्या आणि पानं वाढायला घेतली.

यंदा वहिनींच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, करण्यात धोका आहे, न करण्यात त्याहून जास्त. काय ते तुम्ही ठरवा. आणि उभ्या-उभ्या सौदे करणारा हा माणूस मुका झाला. धड जेवेना, दुकानात जाईना. डॉक्टरांचा फोन आला की माझ्या हातात द्यायचा. शेवटी वहिनीच वैतागल्या. "काहून जी असे बसून राहिले? छाती माही आहे ना? करा म्हना त्याईले!"

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत ते म्हणाले.

"लोक मले डेअरिंगबाज म्हनते भाऊ. कायची डेअरिंग? सारं बुडालं असतं तरी घरी सुमन होती. तिले मी कदी बुडनाऱ्यात धरलंच नाही."

मी त्यांचा हात धरून बसून राहिलो.

दार उघडलं. डॉक्टर मास्क काढत बाहेर आले, चक्क हसत होते. मी लगबगीने उठलो, वळून पाहतो तर दिगूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे.

"तुमीच आयकून या भाऊ," ते म्हणाले. "मले भेव लागते."